द्वारकाआत्याचं पान

शेवंतीबाईंनी आतल्या खोलीच्या लाद्यांवर तांदळाचं पीठ पसरलं, ते चाळणीतून, कोपरान् कोपरा धरून. गावी तेराव्याला पसरतात तसं. गेलेला जीव येऊन जेवून गेला की पिठात खूण उमटते म्हणतात. फरक इतकाच, की जिच्यासाठी हे चाललं होतं तिला जाऊन साठ वर्षं उलटली होती आणि खोली बोरिवलीतल्या चौथ्या मजल्यावरची होती, एसी लावलेली.

त्यांची थोरली सून दर्शना दारात केळीचं पान वाढून उभी होती. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, भात, आणि वाटीत खीर. आज घरचा म्हाळ. पितरांची पानं दर्शनाचा नवरा सर्वेश आणि दीर सुयोग गच्चीवर घेऊन गेले होते. हे पान मात्र एकट्या द्वारकाआत्याचं. द्वारका ही दर्शनाच्या सासऱ्यांची, गुणाजींची, थोरली बहीण. परळच्या चाळीत लग्नाआधीच गेली. कशाने गेली हे या घरात कुणी धड सांगत नसे.

"पाय ठेव नको गो पिठार," शेवंतीबाई म्हणाल्या. "थयसूनच दे माका."

दर्शनाने वाकून पान दिलं. शेवंतीबाईंनी ते पिठाच्या मधोमध ठेवलं, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि मागे सरकत सरकत, आपलीच पावलं पिठाने बुजवत त्या बाहेर आल्या. वयाच्या मानाने त्यांची ही कसरत बघण्यासारखी होती. एरवी दर्शनाला हसू आलं असतं.

गेल्या शिमग्यापासून या घरातलं अन्न नाहीसं होत होतं. आधी लाडवांचा डबा रिकामा झाला, मग अख्खं ब्रेडचं पाकीट, मग फ्रिजमधला उरलेला भात, कच्च्या कणकेच्या गोळ्यासकट. कुणी खाल्लं म्हणावं तर सगळेच नाही म्हणत. बंद बाथरूममधून नळाचा आवाज येई आणि त्या आवाजाखाली दुसरा एक आवाज, घोगरा, दाबलेला. आत जाऊन बघावं तर कुणी नाही, फक्त आंबूस वास. मोरी तुंबली म्हणून सर्वेशने प्लंबर आणला. शेवंतीबाईंनी गावी घाड्याला फोन लावला. घाड्याने देवीपुढे कौल लावून सांगितलं, घरातली एक बाई उपाशी आहे, तिचं बघा.

तेव्हापासून रोज रात्री आतल्या खोलीत ताट झाकून ठेवायचं आणि दार ओढून घ्यायचं असा रिवाज पडला. त्या खोलीत शिलाईचं मशीन होतं, कपाटं होती, दिवसा दर्शनाची मुलगी जान्हवी तिथे अभ्यासाला बसे. रात्री तिथे कुणी झोपत नसे. सकाळी ताट चाटूनपुसून स्वच्छ! शेवंतीबाई ते सगळ्यांना दाखवत आणि हात जोडत. पहिले काही दिवस सगळ्यांची तंतरली. पुढे सवय झाली. घरात पेइंग गेस्ट ठेवावा तशी मंडळी भुताला सरावली. 'आत्याला आज आमटी तिखट झाली असेल,' असं सर्वेश दात कोरत म्हणायचा.

ताट रोज दर्शनाच वाढायची. तिचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, असं ती ऑफिसात सांगे. घरात मात्र दोन घास जास्तच वाढायची.

दाराची बेल वाजली. दोघे भाऊ गच्चीवरून उतरले होते, त्यांच्याबरोबर सुयोगची बायको प्रांजल. सुयोग आणि प्रांजल मुलुंडला राहत.

"झटक्यात शिवला कावळा," सुयोग म्हणाला. "आपले पूर्वज भुकेलेच होते, यार. जान्हवी कुठाय? आज तरी पोटभर जेव म्हणावं, डाएट-बिएट उद्या."

"दही आणायला खाली गेलीय," दर्शना म्हणाली.

प्रांजलने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. दोघी जावांमध्ये गणपतीपासून अबोला होता. मुलुंडला सगळे गणपतीला जमले असताना प्रांजलने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दर्शनाताई, राग नका मानू. जान्हवी जेवली की लगेच आत जाते, नळ सोडते. बाहेर येते तेव्हा डोळे लाल असतात. हे बरं लक्षण नाही. एकदा डॉक्टरांना दाखवा ना." दर्शनाने तिला जे सुनावलं, ते साधं नव्हतं. स्वतःला मूल नाही म्हणून दुसऱ्यांच्या पोरींवर डोळा ठेवतेस, इथपर्यंत ती गेली होती.

आणि असं होतं तरी काय दाखवण्यासारखं? जान्हवी एकोणीस वर्षांची, बी.कॉम.ला, ना जाड ना बारीक. जरा चेहरा सुजल्यासारखा दिसायचा, कानाखाली गाल फुगलेले, ते झोप नीट होत नाही म्हणून. बोटांच्या सांध्यांवर खरवडल्याच्या खुणा होत्या, त्या किसणीच्या. दातांच्या डॉक्टरने मात्र दात आतल्या बाजूने झिजलेत, आम्लाने झिजावेत तसे, असं सांगून आंबट फार खाते का विचारलं होतं. सकाळी लिंबूपाणी पिते, असं दर्शनानेच परस्पर उत्तर दिलं होतं. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे उत्तर तयार होतं. जे उरलं ते द्वारकाआत्याच्या खात्यावर.

शेवंतीबाईंनी खोलीचं दार ओढलं आणि वरची कडी घातली.

"आता कोणी उघडूचा नाय. जेवताना बघला तर पान टाकून जाता ती. अहो, गाऱ्हाणा घाला."

खिडकीजवळच्या खुर्चीत गुणाजी बसले होते. आयुष्यभर गिरणीत काढून त्यांना कमी ऐकू येत असे, किंवा ऐकू येत नाही असं दाखवणं त्यांना सोयीचं पडे.  आता ते उठले, दाराकडे तोंड करून हात जोडले.

"बा द्वारके, तुझो वाटो तुका मांडलेलो आसा. तो घे, समाधानी हो. ल्हानमोठ्याक सांभाळ."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. दर्शनाही म्हणाली.

मग सगळे हॉलमध्ये बसून राहिले. पंखा बंद केलेला होता. खालून भंगारवाल्याची हाळी आली आणि लांब निघून गेली. सुयोगने मोबाइल काढला, शेवंतीबाईंनी डोळे वटारले, त्याने परत खिशात घातला.

आणि आतून आवाज आला.

आधी पानाचा. केळीचं पान दुमडताना होतो तसा. मग वाटी लादीला लागल्याचा.  सर्वेश ताठ झाला. सुयोगचं तोंड उघडंच राहिलं. आत कुणीतरी जेवत होतं. भुकेलं माणूस, कुणी बघत नसताना जेवतं तसं, घाईने, मचमच आवाज करत, घास संपण्याआधी दुसरा घास कोंबत. भरदिवसा, कडी घातलेल्या खोलीत.

"इली," शेवंतीबाई कुजबुजल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "जेवता हा. ऐकलास मां? जेव गो बाये, जेव पोटभर."

"आई, मांजर-बिंजर नसेल ना शिरलं?" सुयोगने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच पटला नसावा.

"गप रव!"

जेवण बराच वेळ चाललं. ऐकवत नव्हतं. त्यात चवीने खाण्याचं काही नव्हतं, शिक्षा भोगल्यासारखं कुणीतरी खात होतं. मग पावलं वाजली. आतल्या बाथरूमचा नळ सुटला. त्या धारेखाली तो दुसरा आवाज, घोगरा, दाबलेला. एकदा. परत. परत.

दर्शनाने नजर खाली घातली. दारापाशी चपलांचा ढीग होता. सुयोगचे बूट, प्रांजलच्या सँडल, आणि त्यांच्या खाली जान्हवीच्या निळ्या चपला.

ती दही आणायला खाली गेली होती. चपलांशिवाय?

दर्शना उठून स्वयंपाकघरात गेली. दह्याचा रिकामा डबा ओट्यावर तसाच होता. धुण्याच्या मशीनच्या बाल्कनीचं दार नुसतं लोटलेलं होतं. ती चिंचोळी बाल्कनी पुढे आतल्या खोलीत निघते, हे या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. इतकं ठाऊक की कुणाच्या लक्षातच नव्हतं. तिने जाऊन पलीकडचं दार ढकललं. आतून बोल्ट लावलेला होता.

घाड्याने एवढंच सांगितलं होतं, की घरातली एक बाई उपाशी आहे. ती मेलेलीच असणार, हे या मंडळींनी आपलं आपण ठरवलं होतं.

आणि दर्शनाला त्या क्षणी स्वच्छ कळलं, की आपल्याला हे आत्ता कळत नाहीये. गणपतीपासून कळलेलं आहे. त्याच्याही आधीपासून. भूत परवडलं म्हणून आपण भुताला जेवायला वाढत राहिलो. रोज रात्री स्वतःच्या हाताने, दोन घास जास्त.

ती धावत हॉलमध्ये आली तेव्हा आत काहीतरी धाडकन पडलं. बादली असावी, किंवा बादलीवर काहीतरी. नळ वाहतच होता. बाकी सगळं थांबलं.

शेवंतीबाईंनी दोन्ही हात कपाळाला लावले. "जेवली. शांत झाली."

"आई, बाजूला व्हा. आत जान्हवी आहे."

"काय बोलतंस तू? चेडू खाली गेला हा."

"नाही गेली! चपला इथे आहेत तिच्या. ती बाल्कनीतून आत गेलीय. रोज तीच जाते. आत्या नाही, आई, माझी पोर जेवते ते पान!"

"दर्शना, थांब ना पाच मिनिटं," सर्वेश म्हणाला.  "आईचं एवढं झालंय तर..."

शेवंतीबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. रागाने नव्हे, घाबरून. "पानावरसून तिका उठवलास तर घरावर कोप व्हतलो. माज्या नातीवर येतलो. माका माजी नात हवी हा गो!"

तेवढ्यात प्रांजल पुढे आली आणि दर्शनाच्या शेजारी उभी राहिली. तिने दर्शनाचा हात धरला. 

खुर्ची करकरली. गुणाजी उठले.

"शेवंती," ते म्हणाले, "सर."

"तुमी पण?"

"तेवा आमी भायर गॅलरीत बसलेलो," गुणाजी म्हणाले. ते कुणाशी बोलत होते ते कळत नव्हतं, त्या बंद दाराशीच बोलत असावेत. "द्वारकेक आत घालून कडी लावलेली. भगतान सांगितलेला, तिच्या अंगात कोणतरी आसा, ता जेवता, तिका काय ऱ्हवना नाय. गाल असे सुजलेले तिचे. भरल्या पानावरसून उठान मोरीत जाय. त्या दिवशी असोच आवाज झालो. पडल्याचो. मगे शांत. आये म्हणाली, जेवली, शांत झाली." त्यांनी शेवंतीबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "दिवेलागणीक दार उघडलानी. तवसर थंड पडलेली ती. सर गो."

इतक्या वर्षांच्या संसारात शेवंतीबाईंनी हे कधी ऐकलं नव्हतं. त्या बाजूला झाल्या. गुणाजींनी टाचा उंचावून कडी काढली.

पिठात पावलं होती. बाल्कनीच्या दारापासून पानापर्यंत अनवाणी पावलं, पानाभोवती गुडघ्यांच्या आणि तळव्यांच्या खुणा, मग बाथरूमकडे. खीर सोडून सगळं पान रिकामं. जान्हवी उंबरठ्यावर पडली होती, अर्धी बाथरूममध्ये, अर्धी पिठात. ओठ निळसर, केसांना पीठ. एका नजरेत ती म्हाताऱ्या बाईसारखी दिसली.

"जानू!"

"श्वास आहे," प्रांजल गालाशी वाकून म्हणाली. "सुयोग, गाडी काढ. आत्ताच्या आत्ता!"

सुयोगने पुतणीला उचललं. दोन वर्षांपूर्वी यानेच एका लग्नात सगळ्यांसमोर 'जान्हवीसाठी मांडवाचं दार रुंद करा रे' म्हणून टाळ्या मिळवल्या होत्या. जान्हवीसुद्धा हसली होती. आता लिफ्टमध्ये तो तिला छातीशी धरून "काय हलकी आहे रे ही, काय हलकी आहे," असं पुटपुटत होता आणि रडत होता.

नर्सिंग होममधल्या डॉक्टर बाई तरुण होत्या, पण बोलणं ठाम. जान्हवीला आयसीयूत ठेवून त्यांनी दर्शना आणि सर्वेशला समोर बसवलं.

"पोटॅशियम फार खाली गेलंय. वारंवार उलट्या केल्या की जातं. त्यामुळे हृदयाचे ठोके चुकत होते. आणखी उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं."

"पण ती तर व्यवस्थित दिसते हो," सर्वेश म्हणाला. "वजन नॉर्मल आहे तिचं."

"म्हणूनच घरच्यांना कळत नाही. बुलिमिया म्हणतात याला. माणूस उपाशी राहतं, मग एकदम ताबा सुटतो, हाताला लागेल ते खातं. मग भीती, लाज, आणि ते सगळं बाहेर काढायचं. की परत उपास. आम्ल वर येऊन दात झिजतात, घसा सोलवटतो, लाळेच्या गाठी सुजतात. पाळी चुकते. हे नखरे नाहीत आणि हट्टही नाही. आजार आहे, आणि तो बरा होतो. मानसोपचार लागतील, आहाराचं बघणारं कुणी लागेल. वेळ लागेल. मध्येच परत घसरेल, तेव्हा ओरडायचं नाही."

"माझ्या सासऱ्यांची एक बहीण होती," दर्शना म्हणाली, आणि सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "तेच होतं की नाही, आता कोण सांगणार? पण दार उघडलं हे बरं केलंत."

बाहेर बाकावर प्रांजल बसली होती. दर्शना तिच्या शेजारी बसली. माफी कशी मागतात ते तिला त्या वेळी काही केल्या आठवेना. प्रांजलने पिशवीतून थर्मास काढला आणि चहा ओतून तिच्या हातात दिला.

कपडे न्यायला दर्शना एकटी घरी आली, तेव्हा आतल्या खोलीत पीठ तसंच होतं. उंबरठ्यापाशी जान्हवीच्या देहाचा आकार उमटला होता, खांदा, कंबर, दुमडलेला गुडघा. दर्शना खूप वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. केर काढायची छाती होईना. शेवटी तिने ओलं फडकं घेतलं आणि हुंदके देत देत, गुडघ्यांवर बसून, ते पुसून काढलं.

जान्हवी घरी आली त्या दुपारी सगळे टेबलाशी बसले. मऊ भात, मुगाची आमटी, तोंडली. कुणी 'खा' म्हणालं नाही, कुणी 'पुरे' म्हणालं नाही. डॉक्टरांनी तसं बजावलं होतं. शेवंतीबाईंचा हात सवयीने जास्तीच्या ताटाकडे गेला. ताट घेऊन त्या आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या, थांबल्या आणि परत येऊन ते त्यांनी जान्हवीसमोर ठेवलं. ताट तेच, रोजचं.

"हय जेव," त्या म्हणाल्या. "माज्या बाजूक. आनि जेवलंस की माज्याजवळच बस. मी हात धरून बसतंय. जाऊचासा वाटला तरी सांग माका."

जान्हवी हळूहळू जेवली. जेवण झाल्यावर तिच्या कपाळावर घाम आला आणि पाय हलायला लागले. शेवंतीबाईंनी हात सोडला नाही.  भिंतीवरचं घड्याळ बघायचं नाही असं ठरवूनही दर्शनाची नजर तिकडे जात होती.

"आजी," जान्हवी म्हणाली, घसा अजून बसलेला होता, "आत्याचं पान मी खाल्लं. रोज. त्या ताटावर कुणाचं लक्ष नसायचं म्हणून. सॉरी."

"असांदे गो."

"एक सांगू? हसणार नाही ना? त्या दिवशी खीर राहिली होती. मी वाटी उचलली. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, 'पुरे.' बाईचा आवाज होता. रागावून नाही, अगदी मायेने. मी वाटी ठेवली. मग आत गेले नि पडले." ती आईकडे वळली. "तू होतीस का दाराशी?"

"नाही," दर्शना म्हणाली. त्या वेळी हॉलमध्ये 'पुरे' असं कुणीच म्हणालं नव्हतं.

"डॉक्टर म्हणाल्या, पोटॅशियम कमी झालं की भास होतात," सर्वेश घाईने म्हणाला.

"व्हतत," गुणाजी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

शेवंतीबाई नातीचा हात कुरवाळत राहिल्या. बोटांच्या सांध्यांवरच्या खुणा त्यांनी एकेक करून अंगठ्याने चाचपल्या.

"वाढताना 'पुरे' म्हणाली मां?" त्या म्हणाल्या. "मगे जेवली ती."

त्या रात्री आतल्या खोलीत कुणी ताट ठेवलं नाही, आणि तिचं दार उघडंच राहिलं.